जेवणापासून मोजा

दुरुस्तीमामांसमोर चुकीचं बोलायची सोय नव्हती. माणूस ओळखीचा असो नसो, वेळ सुखाची असो की दुःखाची, चूक कानावर पडली की मामांची मान आधी हलायची आणि मग तोंड उघडायचं. मूर्तिजापूरला एकदा एका मयतीला आम्ही गेलो होतो. सरणापाशी उभं राहून एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचं कृतार्थ आयुष्य जगून..." मागून मामांचा आवाज आला, "एक्क्याऐंशी जी. माह्या मोठ्या भावाच्या वर्गात होते ते." पुढारी अडखळला, लोक माना वळवून बघायला लागले, आणि मी ओढणीत तोंड लपवलं. शेवटी मयताचा मुलगाच रडता रडता म्हणाला, "बराबर आहे, एक्क्याऐंशीच." तेव्हा कुठं मामांच्या चेहऱ्यावर समाधान आलं आणि भाषण पुढं सरकलं.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत तेवढं असावं. अकोल्याच्या कोर्टात बेलिफापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे त्यांना दुरुस्तीमामाच म्हणत. मामा मुन्शी होते, म्हणजे वकिलाचे कारकून. ज्यांच्याकडे तीस वर्षं काढली ते वकील वारले, आणि त्याच सुमाराला मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले. नवा काळा कोट, नवं टेबल, आणि पक्षकार एकही नाही. मामा एके दिवशी आपणहून आले, दारावरची पाटी वाचली, आणि नमस्काराच्या आधी म्हणाले, "बाई, नऊ ते अकरा काहून लिवलं? खेड्यावरचा माणूस पहिल्या एसटीनं येते, आठालेच. अकराले तं कोर्ट बसते. आठ ते दहा करा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पाटी बदलली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोन माणसं दारात उभी. मामाही आले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, आणि अकरा वर्षं त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

तारखा लक्षात ठेवायची त्यांची रीत जगावेगळी होती. कॅलेंडर, डायरी, मोबाइल, काही नाही. त्यांना जेवण आठवायचं. "माणूस तारीख विसरते, बाई. जेवण नाही विसरत," असं ते म्हणायचे. एखाद्या पक्षकाराला एखादी गोष्ट केव्हा कळली ते सांगता येईना, की मामा खुर्ची पुढं घेऊन विचारणार, "त्या दिवशी काय जेवले होते?" मला सुरुवातीला हसू यायचं. मग पातूरकडचे एक आजोबा आले. त्यांची लिंबाची बाग भावानं परस्पर स्वतःच्या नावावर केली होती आणि ते केव्हा कळलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. "जेवून राहिलो होतो, तवा पोरानं येऊन सांगतलं," एवढंच. मामा म्हणाले, "काय जेवत होते?" "पुरणाची पोळी." "कटाच्या आमटीसंगं, का आमरसासंगं?" आजोबांनी डोळे मिटले. "आमरस होता." "मंग आखजी. होळी नाही." मामांनी अक्षय तृतीयेपासून बोटांच्या पेरांवर महिने मोजले आणि ताडकन उठले. "बाई, परवा मुदत संपते. समदं बाजूले ठेवा, आज लिहा." आम्ही लिहिलं, आणि आजोबांची बाग राहिली.

मुदत हा मामांचा जीव की प्राण होता. कोण खरं, कोण खोटं, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. "खरं वेळेवर आलं तं खरं," ते म्हणायचे. "वेळ टळली का मंग नुसती गोष्ट. चहासंगं सांगा." हे वाक्य मी नंतर माझ्या ज्युनिअरांना माझं म्हणून ऐकवलं आहे. मामा असते तर तिथंही दुरुस्ती केली असती.

मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, एका डाळमिलमध्ये तूर निवडायच्या. पंचवीस वर्षं. त्यांच्यासारख्या बेचाळीस बाया होत्या. दिवसभर भुशीच्या धुळीत बसायचं, डोक्याला फडकं बांधायचं, नाकाला पदर लावायचा, आणि घरी जाऊन खोकायचं. मिलच्या शेठनं शेवटची दोन वर्षं अर्धाच पगार दिला. "बायांनो, बाकीचा माह्यापाशी आहे म्हणजे बँकेत आहे असं समजा," असं तो इतकं गोड म्हणायचा की बायांना खरंच वाटायचं. तोवर मामींची छाती भरून यायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसांत धूळ बसली आहे, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, नागपूरला उपचार लागतील. मामी म्हणाल्या, "माहे मिलचे पैसे आले का घेऊ." त्या पैशांत मामींचा श्वास होता, सरळ सांगायचं तर.

आणि मग शेठनं रोडग्यांचं जेवण घातलं. माघाचा महिना, रविवार, मिलच्याच आवारात. आमच्याकडं रोडग्यांच्या जेवणाला नाही म्हणायची पद्धत नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याकडचेही रोडगे माणूस खाऊन येतो, भांडण दुसऱ्या दिवशी पुढं चालू. बाया नवऱ्यांसकट गेल्या. फाटकावर नवी पाटी होती, तिच्यावर शेठऐवजी त्याच्या सुनेचं नाव. शेठनं नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाला, "माही तब्येत आता साथ देत नाही. मिल सूनबाईच्या नावानं केली, कागद झाला. तुमी तिले सांभाळून घ्या." बायांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या वतीनं मामींनी सूनबाईची ओटी भरली, खण-नारळ दिला. जिच्या नावावर आपला घामाचा पैसा गेला, तिचीच ओटी! पण तेव्हा कुणाला काय सुचतं? दुसऱ्या दिवशी मामा मला कौतुकानं सांगत होते, "रोडगे एक नंबर होते, बाई. वांग्याच्या भाजीत मात्र जिरं लय टाकलं होतं. ते चुकलं."

पोळ्यापर्यंत मिलला कुलूप लागलं. बाया शेठकडे गेल्या, तर तो म्हणाला, "मिल माही कुठं आहे?" सूनबाईकडे गेल्या, तर ती म्हणाली, "मी तुम्हाला कामावर कधी ठेवलं?" मी त्यांच्या वतीनं मजूर न्यायालयात अर्ज केला, आणि मामा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन दिवस बसून बक्षीसपत्राची नक्कल घेऊन आले. जेवणाच्या दहा दिवस आधी शेठनं मिल, गोदाम, जागा, सगळं सुनेला बक्षीस दिलं होतं. स्वतःच्या नावावर एक सायकलसुद्धा ठेवली नव्हती.

आता कायदा इतकाच आहे, आणि तो अवघड नाही. देणं बुडवायच्या हेतूनं कुणी आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली, तर ज्यांचं देणं आहे ती माणसं दिवाणी कोर्टात जाऊन तो व्यवहार रद्द करून मागू शकतात. पण तीन वर्षांच्या आत. आणि ती तीन वर्षं मोजायची कळल्या दिवसापासून.

नक्कल टेबलावर ठेवत मामा म्हणाले, "बाई, दावा टाका."

मी म्हणाले, "आधी मजूर कोर्टाचा निकाल येऊ द्या, मामा. शेठ इतकं इतकं देणं लागतो असं कोर्टानंच म्हटलं, की आपला दावा भक्कम होईल."

"निकाल नसला तरी टाकता येते ना?"

"येतो. पण घाई काय आहे? आपल्याला आज कळलं. आजपासून तीन वर्षं."

मामांची मान हलली. "आज नक्कल भेटली, बाई. कळलं तं त्या दिवशीच. शेठ बोलला, पाटी पाहिली. जेवणापासून मोजा."

त्यानंतर दर सोमवारी हेच. मी कोट घालत असायची आणि मामा दारातून विचारायचे, "बाई, बक्षीसपत्राचा दावा?" मी म्हणायची, बघू. ते म्हणायचे, "जेवणापासून मोजून राहिलो मी." मजूर कोर्टात तारखांवर तारखा. कधी शेठ आजारी, कधी त्याचा वकील आजारी, कधी साहेब रजेवर. वर्ष गेलं, दीड गेलं. एका सोमवारी माझ्यासमोर नवे, मोठे पक्षकार बसले होते आणि मामांनी त्यांच्यादेखत तेच काढलं. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "मामा, वकील मी आहे की तुम्ही?"

मामा म्हणाले, "तुमीच, बाई."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. जेवणानंतरचा तिसरा माघ आला, त्या आठवड्यात एके सकाळी मी त्यांना खुर्चीत बसून बोटांची पेरं मोजताना पाहिलं. एकदा मोजली, पुन्हा मोजली, हात मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. मी पाहिलं. देवाशप्पथ सांगते, मी पाहिलं, आणि फाइल उघडून वाचायला लागले. कारण मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर माझं शेण खाल्लेलं उघडं पडलं असतं.

मजूर कोर्टाचा निकाल होळीच्या आसपास लागला. बायांच्या बाजूनं. बाया पेढे घेऊन आल्या. मी चैत्रात दिवाणी दावा टाकला, पहिलं नाव मामींचं, बाकी सगळ्या येणेकरी बायांच्या वतीनं. जेवणापासून मोजलं तर तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. नक्कल मिळाल्यापासून मोजलं तर दावा आरामात मुदतीत होता. मी अर्थातच नकलेपासून मोजलं, आणि बायांना छाती ठोकून सांगितलं की काळजी करू नका.

शेठच्या वकिलानं पहिल्याच दिवशी लेखी म्हणणं दिलं, दावा मुदतबाह्य. सोबत काय जोडलं असेल? आहेराची वही! जेवणाच्या दिवशी कुणी काय आहेर केला त्याची सूनबाईच्या माहेरच्या कुणीतरी केलेली नोंद. त्यात एक ओळ होती, "मामा व मामी, एकवीस रुपये, खण, नारळ." बेचाळीस बायांच्या नवऱ्यांनी आपापले अकरा-एकवीस दिले होते, पण वहीत नावं अशीच, गंगाची आई, कोपऱ्यावरच्या मावशी, अशी. माझ्या जिवात जीव आला. अकोल्यात मामा-मामी शेकड्यानं आहेत. नेमके हेच मामा, हे ती वही सिद्ध करू शकत नव्हती. आम्हाला जेवणाच्या दिवशी कळलं होतं, हे आमच्याच कुणीतरी सांगितल्याशिवाय कोर्टाला कळणार नव्हतं.

मामींना कोर्टाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे. म्हणून त्यांचं मुखत्यारपत्र मामांच्या नावानं केलं आणि साक्षीला मामा उभे राहणार असं ठरलं. आदल्या आठवड्यात मी त्यांना समोर बसवलं.

"मामा, जेवणाचं काहीही विचारलं तरी एकच उत्तर. आठवत नाही."

"आठवते ना पण, बाई."

"मला माहीत आहे आठवतं. पण बेचाळीस बाया आहेत. मामींचं मशीन आहे. भाड्याच्या मशीनवर किती दिवस काढणार?"

मामांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "बोलतो खोटं." कडू काढा प्यायला कबूल व्हावं, तसं म्हणाले. मी चार दिवस त्यांची तयारी करून घेतली. शेठचा वकील होऊन मी प्रश्न विचारायची आणि ते "नाही आठवत" म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांची मान हलायची थांबली. मला वाटलं, जमलं.

शेठचे वकील म्हातारे, शांत, गोड बोलणारे. तीस वर्षं मामांसोबत कोर्टाच्या टपरीवर चहा पीत आलेले. मी जे विसरले ते हेच.

"मामा, मिलमध्ये जेवण झालं होतं, आठवते?"

"नाही आठवत."

"आहेर केला होता?"

"नाही आठवत."

"फाटकावरची नवी पाटी?"

"नाही आठवत जी."

वकीलसाहेबांनी फाइल बंद केली. चष्मा काढून पुसला. मी मनात म्हटलं, सुटलो. ते बसायला वळले आणि जाता जाता, जणू स्वतःशीच, म्हणाले, "जाऊ द्या. बिचाऱ्या शेठनं एवढी पुरी-बासुंदी खाऊ घातली, अन् मामाले आठवत नाही म्हणतात."

मी हरकत घ्यायला उठले, पण माझ्या आधी मामांची मान हलली होती.

"कायची पुरी? रोडगे होते."

वकीलसाहेब हळूच वळले. "बरं, रोडगे. संध्याकाळचे."

"दुपारचे. बाराले पंगत बसली."

"अन् पाटी जेवणानंतर लावली."

"जेवणाच्या आंधी. नारळ फोडून."

"शेठच्या नावाची."

"नाही जी, सुनेच्या."

आणि मग मामांना कळलं. त्यांनी कठड्याला धरलेला हात काढला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडं तसंच राहिलं. न्यायाधीशांनी एकेक वाक्य टंकलेखकाला सांगितलं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. चुकीचं एकही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर जवळजवळ धावून गेले. "काहून बोलले, मामा? काहून?" मी चिडले की माझंही वऱ्हाडी निघतं. मामा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "बाई, खोटं बोलाची माही तयारी होती. देवाची आण, होती. पण तो चुकीचं बोलून राहिला होता. ते नाही सोसलं." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी तिथंच पायरीवर बसून रडले. काळ्या कोटात. लोक बघत होते.

निकाल चार महिन्यांनी आला. कोर्टानं लिहिलं की व्यवहार देणं बुडवण्याच्या हेतूनं केलेला दिसतो, मात्र वादींना त्याची माहिती जेवणाच्या दिवशीच झाली होती हे त्यांच्याच साक्षीदारानं कबूल केलं आहे, सबब दावा मुदतीत नाही, फेटाळण्यात येतो. शेठ लबाड आहे हे कोर्टाला कळलं होतं. पण कळून उपयोग काय? अपील केलं, तेही गेलं. पुढं वर जायची कुणात ताकद नव्हती.

अपिलाच्या निकालाच्या दिवशी बाया कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली जमल्या होत्या. मामी रिक्षातच बसून होत्या, नाकाला नळी. एक बाई म्हणाली, "मामाच्या तोंडानं मिल गेली." दुसरी म्हणाली, "जिभेले हाड नाही या माणसाच्या. घरची बायको मरून राहिली अन् याले रोडगे सुचते." मामी रिक्षातून, दम लागत लागत बोलल्या, "यायच्याच तोंडानं गेलं समदं. मी कोणाले दोष देऊ?"

मामा माझ्या शेजारी उभे होते. चुकीचं बोललं जात होतं. चक्क चूक. मामांच्या तोंडानं दावा नव्हता गेला, दावा माझ्या आळशी शहाणपणानं गेला होता. मी जेवणापासून मोजलं असतं, त्यांचं ऐकून दोन महिने आधी टाकला असता, तर रोडगे काय आणि पुरी काय, कशानंच फरक पडला नसता. हे तिथं फक्त दोन माणसांना माहीत होतं. मी वाट पाहिली. आता मामांची मान हलणार, आता ते म्हणणार, "नाही जी, उशीर बाईनं केला." माझी पाचावर धारण बसली होती.

मान हलली नाही. मामा आपल्या चपलांकडे बघत राहिले. आणि मी? मी घसा खाकरून म्हणाले, "बायांनो, कायद्यापुढं इलाज नाही." एवढंच म्हणाले मी.

त्यानंतर मामा दोन-तीन महिने ऑफिसात येत होते, पण दुरुस्ती बंद. मी एकदा अर्ज सांगताना मुद्दाम तारीख चुकवली. त्यांनी चुकलेली तारीख लिहून घेतली. मी दुसऱ्या दिवशी पक्षकाराच्या वडिलांचं गाव चुकवलं. तेही तसंच लिहिलं. मला ते बघवेना. शेवटी मी बाडबिस्तरा गुंडाळून अमरावतीला माहेरच्या गावी वकिली हलवली. लोकांना सांगितलं की मुलांच्या शाळेसाठी. पळाले म्हणा.

मामांना शेवटचं पाहिलं ते एका कामासाठी अकोल्याला गेले तेव्हा. कोर्टाच्या टपरीवर ते चहा पीत होते, कुणाचेही अर्ज लिहून देत होते म्हणे. टपरीवाल्यानं सवयीनं चेष्टा केली, रोजचीच असावी. "काय मामा, त्या दिवशी काय होतं? रोडगे का पुरी?" आजूबाजूची माणसं हसली. मामांनी कप खाली ठेवला.

"पुरीच असन, बाप्पा," ते म्हणाले.

मी त्यांना हाक न मारता निघून आले.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. झोपेतच गेले, कुणाला तसदी न देता. मी वलगावात एका पक्षकाराकडे होते, तिथं अकोल्याच्या एका वकिलाचा फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, "अहो, तुमचे ते मामा गेले ना." मी घरी न जाता सरळ बडनेऱ्याच्या स्टेशनवर आले आणि मिळेल त्या गाडीनं अकोल्याला गेले.

मामी खाटेवर बसून होत्या. मशीन तेच, भाड्याचं, कोपऱ्यात घरघरत होतं. आता त्याचं भाडं बाकीच्या बाया मिळून भरतात, असं त्या म्हणाल्या. खाटेशेजारी मामांची चप्पल अजून तशीच होती. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. बसले आणि सांगून टाकलं. दर सोमवारी मामा काय म्हणायचे ते सांगितलं. मी काय म्हणाले ते सांगितलं. पेरं मोजताना पाहिलेलं सांगितलं. "दावा त्यांच्या तोंडानं नाही गेला, मामी. माझ्यामुळं गेला. त्यांचंच बरोबर होतं."

मला वाटलं मामी शिव्या देतील, आणि द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी नाकावरची नळी नीट केली.

"तेरवी होऊन महिना झाला, बाई," त्या म्हणाल्या. "आता सांगून राहिल्या?"

मी मामांच्या चपलेकडे बघत राहिले.

"त्यायनं घरात एका शब्दानं नाही सांगतलं. मी रोज ताट वाढलं त्यायले. पाणी ठेवलं. पण बोलली नाही. तीन वर्सं, बाई, मी त्यायच्यासंगं एक शब्द बोलली नाही." त्यांना दम लागला. त्या थांबल्या, मशीनकडे बघून दोन श्वास घेतले. मग हळूच म्हणाल्या, "कोण्या दिवशी काय वाढलं, ते समदं आठवते मले."